गळतीखालची बाटली

बोटीवर पाय ठेवताना खिशात वही असायची, ही जहाजावरच्या नोकरीत लागलेली खोड. बावीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली. घडलेलं घड्याळासकट टिपून ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. त्या रात्री वही माझ्याबरोबरच खाऱ्या पाण्यात गेली, पण बॉलपेनची शाई टिकली. पुढच्या वेळा त्या वहीतल्या आहेत. शेवटच्या तासाभराच्या मात्र मागाहून सगळ्यांना विचारून जुळवल्या. त्यात दोनचार मिनिटं इकडेतिकडे असतील.

दुपारी ४.१० : उरले १२ तास ३७ मिनिटं

हर्णै. दिवाळी होऊन दहाबारा दिवस झालेले. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला बोटी नांगरून पडलेल्या. त्यांतलीच एक माझ्या मावसभावाची ट्रॉलर: लाकडी, पंचेचाळीस फुटी, पोटात सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. भाऊ मालकही आणि तांडेलही. "दादा, जन्मभर मोठी जहाजं हाकलीस, एक रात्र आमच्या होडक्यात काढ की," असं तो दर सुट्टीत म्हणायचा. या खेपेला मी हो म्हटलं. आम्ही सातजण: भाऊ, ड्रायव्हर, चार खलाशी आणि मी. चौघांतले दोघे नेपाळचे. हल्ली रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी बोटी नेपाळच्या पोरांच्या हातांवर चालतात.

इंजिन लागेना. ड्रायव्हरने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबत बसला. स्क्रूतून आधी फेस आला, मग फेसाळ डिझेल, मग स्वच्छ. "रोज एअर धरतं, साहेब. टाकी खाली गेली की धरतंच."

रोज हवा धरतं म्हणजे रोज कुठून तरी हवा आत शिरते. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप ओढीखाली असतो. तिथली क्लिप सैल असली, रबर वाळून चिरलं असलं, तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली थेंब पडलेला नसतो, म्हणून ही गळती कुणी गळतीत धरत नाही. इथे तर तो पाइपही पारदर्शक प्लॅस्टिकचा होता, बागेत पाणी घालायला वापरतात तसला. आतलं डिझेल दिसतं, बुडबुडा दिसतो, एवढाच त्याचा गुण.

मग होडीतून कॅन आले, डिझेल ओतून टाकी गळ्यापर्यंत भरली. आता टाकीतली पातळी पंपाच्या वर गेली, आणि जो सांधा सकाळपर्यंत हवा ओढत होता तोच बाहेरून ओलसर झाला. मी बोट लावून पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "भरल्यावर जरा पाझरतो. उद्या परवा बंद होईल." खरंच होतं त्याचं. टाकी खाली गेली की पाझर बंद होणार होता आणि हवा सुरू.

निघण्याआधी त्याने तेलाची पट्टी ओढून मला कौतुकाने दाखवली. खुणेच्या दोन बोटं वर तेल. "हे इंजिन तेल खात नाही, साहेब. उलट वाढतं!"

इंजिनाचं तेल वाढत नसतं. आतल्या आत कुठेतरी डिझेल ओघळून तेलात उतरत होतं. फीड पंपाचं सील किंवा डिझेल पंपाचा एखादा प्लंजर. पट्टी चिमटीत घासून पाहिली तर तेल पातळ, आणि वास डिझेलचा. नोकरीत असतो तर त्याच क्षणी इंजिन उघडायला लावलं असतं. पण दुसऱ्याच्या घरी जेवायला जाऊन मिठावर बोलू नये, असं आपल्याकडे शिकवलेलं असतं. मी पट्टी पुसून परत दिली.

संध्याकाळी ५.३५ : उरले ११ तास १२ मिनिटं

नांगर उचलला. कनकदुर्गावरचं दीपगृह मागे पडल्यावर मी खाली इंजिनापाशी उतरलो, आणि तिथे ती बाटली पाहिली.

एक लिटरची पाण्याची बाटली, मानेखाली आडवी कापलेली. कडेला दोन भोकं, त्यांतून तार, तार डोक्यावरच्या फळीतल्या खिळ्याला. बाटली तिसऱ्या सिलिंडरच्या नोझलशेजारी टांगलेली. नोझल पाइपच्या नटाभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून सुतळीने आवळलेली. पट्टीचं एक टोक जीभ काढल्यासारखं खाली लोंबतं आणि त्यावरून थेंब बाटलीत पडतो. मोजलं: सेकंदाला जवळजवळ एक. कारागिरी मात्र सुरेख होती. बोट कलली तरी थेंब बाटलीबाहेर जाऊ नये म्हणून जिभेला मधोमध खाच पाडलेली.

सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला साधारण पावणेदोनशे मिलिलिटर, दिवसाला चार लिटरच्या वर. बाटली दिवसातून चारपाचदा भरते. भरली की फडक्यातून गाळून टाकीत परत. "एक थेंब वाया नाय," ड्रायव्हर म्हणाला. मच्छिमाराला डिझेलचा परतावा सरकारकडून मिळायला किती खेटे घालावे लागतात हे ज्याला माहीत आहे, त्याला या वाक्यातला अभिमान कळेल.

गळती तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाली होती. मूळ पाइप चिरला म्हणून दुसऱ्या इंजिनावरचा काढून, वाकवून बसवला. पाइप एकमेकांना धरून ठेवणारी क्लॅम्प त्या गडबडीत समुद्रात पडली, ती पुन्हा आलीच नाही. क्लॅम्प म्हणजे काय, तर दोन बोटांएवढी पत्र्याची पट्टी, एक बोल्ट आणि रबराचा तुकडा. पण या पाइपमधून दर ठोक्याला दोनशेच्या आसपास बारच्या दाबाने डिझेल जातं. इंजिन पंधराशे फेऱ्यांवर असलं तर प्रत्येक पाइपला मिनिटाला साडेसातशे धक्के. मोकळा पाइप त्या धक्क्यांनी तारेसारखा थरथरतो, आणि थरथर संपते ती नटाच्या मानेशी. पाइप चिरतो तो बहुतेकदा तिथेच.

गळती कशी शोधायची हे मी शिकाऊ पोरांना कितीदा सांगितलं असेल. डिझेल ओघळतं, त्यामुळे ते दिसतं तिथून निघालेलं नसतं. दोन्ही जागांत हातभर अंतर असू शकतं. आधी इंजिन चिंधीने कोरडं ठक्क पुसायचं. संशयाच्या जागांवर खडूची पूड नाहीतर अंगाला लावायची पावडर भुरभुरायची. मग चालू करून पाहायचं: पहिली ओली रेघ उमटते ती सगळ्यात वरची जागा खरी. दाबाच्या पाइपपाशी हात फिरवून चाचपायचं नाही, पुठ्ठा फिरवायचा. केसाएवढ्या चिरेतून सुटलेली धार कातडी भेदून आत जाते. बाहेर टोचल्याएवढा ठिपका आणि आत बोट सडायला लागतं.

इथे पुसायला अर्धा तास आणि पावडरीला दहा रुपये लागले असते. मी वहीत लिहिलं: "३ नं. नोझल पाइप, गळती, बाटली." पुढे कंसात लिहिलं, "हुशार!" तो शब्द अजून वाचता येतो.

आणखी एक गोष्ट दिसली होती, ती लिहिली नाही. धुराचा पाइप इंजिनावरून उठून केबिनच्या मागून वर जातो. त्याला गुंडाळलेली अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी खालच्या हातभर भागात काळी, तेलकट झाली होती. बाटली बदलताना, भरलेली काढताना, तीन आठवडे सांडलेलं सगळं तिने पिऊन ठेवलं होतं. समईत वात असते तशी.

रात्री ८.२० : उरले ८ तास २७ मिनिटं

सोळा वाव पाण्यात जाळं सोडलं. इंजिनावर भार आला, धुराच्या पाइपचा आवाज जड झाला. खाली जाऊन आलो. डिझेलचा वास येताना जाणवला, दहा मिनिटांनी जाणवेना. नाक लवकर सवय लावून घेतं. ड्रायव्हरला तर वास गेले तीन आठवडे येतच नव्हता.

"डिझेल पेटत नाय हो," एक खलाशी म्हणाला. बादलीतल्या डिझेलात काडी टाकली तर विझते, हे त्याने पाहिलं होतं; मीही पाहिलं आहे. पण आपल्या पंपावरच्या डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ठिणगी दाखवली की वाफ पेटते ते तापमान, ३५ अंशांच्या वर असला की मानकाला पुरे होतो. समुद्रावरच्या जहाजांना इंधनासाठी ६० अंशांची अट आहे. मासेमारीच्या बोटी गाड्यांचंच डिझेल भरतात, आणि भाराखालच्या इंजिनाशेजारची हवा थंडीच्या महिन्यातही ३५ च्या पुढे असते. शिवाय हे सगळं साठलेल्या डिझेलचं गणित. दाबाने फुटून धुकं झालेल्या डिझेलला बादलीचे नियम लागू नाहीत. आणि त्याला काडीही लागत नाही: अडीचशे अंशांच्या आसपास तापलेल्या लोखंडाला लागलं तरी ते आपसूक पेटतं. भाराखालचा धुराचा पाइप चारशेच्या घरात असतो.

म्हणूनच मोठ्या जहाजांवर २२० अंशांच्या वर तापणारा प्रत्येक पृष्ठभाग झाकावा लागतो. दाबाच्या इंधन पाइपवर दुसरा पाइप चढवलेला असतो. आतला फुटला तर डिझेल बाहेरच्यात सापडतं, तिथून लहान टाकीत जातं, आणि त्या टाकीला घंटा असते. तीही म्हटली तर टांगलेली बाटलीच. फरक एवढाच की ती भरते तेव्हा सगळं जहाज जागं होतं.

रात्री ११.१५ : उरले ५ तास ३२ मिनिटं

पहिली ओढ बरी निघाली. बळा, थोडी म्हाकूळ, कोळंबी बेताची. काळा चहा झाला. ड्रायव्हरला मोठ्या जहाजांच्या गोष्टी हव्या होत्या. मी त्याला ‘वेस्ट्रालिया’ची सांगितली.

ऑस्ट्रेलियाच्या नौदलाचं तेलवाहू जहाज. इंजिनावरचे मूळचे कडक पोलादी इंधन पाइप काढून त्या जागी लवचिक नळ्या बसवल्या होत्या. गळती कमी व्हावी, काम सोपं व्हावं म्हणून. त्या नळ्या तिथल्या दाबाच्या धक्क्यांसाठी योग्य आहेत का, हे ज्यांनी तपासून मंजूर करायला हवं होतं त्यांच्यापर्यंत ते गेलंच नाही. ५ मे १९९८ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ त्यांतली एक नळी फुटली, डिझेल तापलेल्या इंजिनावर उडालं, आग लागली. चारजण गेले.

"नौदलाचं जहाज?" ड्रायव्हरने विचारलं.

"नौदलाचं."

मग त्याला ‘कार्निव्हल ट्रायंफ’ची सांगितली: फेब्रुवारी २०१३, मेक्सिकोचं आखात, चार हजारांवर माणसं घेऊन सहलीला निघालेलं जहाज. एका इंजिनाच्या परतीच्या डिझेल नळीला गळती, आग, सगळी वीज गेली. माणूस एक दगावला नाही, पण १० तारखेला बंद पडलेलं जहाज ओढत ओढत १४ तारखेला किनाऱ्याला लागलं; तोवर संडास तुंबलेले आणि जेवण थंड. संडासाचं ऐकून नेपाळी पोरं खूप हसली. मीही हसलो. आमच्यापासून आठ फुटांवर फळीखाली बाटलीत थेंब पडत होता. त्या दोन गोष्टींचा आणि त्या थेंबाचा संबंध माझ्या तोंडून निघाला नाही; मनात आला होता का, तेही आज खात्रीने सांगता येत नाही.

रात्री १.०५ : उरले ३ तास ४२ मिनिटं

दुसरी ओढ चालू. ड्रायव्हर खालून हाक मारतो, "साहेब, जरा बॅटरी धरा."

थेंब वाढला होता. आता बारीक धारच होती, बाटली तासाभरात भरत होती. माझ्या गोष्टींनी त्याच्या मनात काही हललं असावं. त्याने ट्यूबची पट्टी सोडली, नटाला पाना लावला, पान्याच्या दांड्यावर हातभर लोखंडी नळी चढवली आणि चालू इंजिनावर, पाय फळीला टेकवून, नट आवळला. एकदा. मग पुन्हा. दुसऱ्यांदा नट फिरला तेव्हा पाइपही त्याच्याबरोबर किंचित पिळला. मी ते पाहिलं. बॅटरी माझ्याच हातात होती.

धार थांबली.

ड्रायव्हरने नट पुसला, थांबला, पुन्हा पुसला. कोरडा. त्याने माझ्याकडे पाहिलं ते पास झालेल्या पोरासारखं. मग बाटली तारेसकट काढली, डिझेल टाकीत ओतलं, बाटली कोपऱ्यात ठेवली.

नोझल पाइपच्या टोकाला एक छोटा शंकू असतो. तो समोरच्या वाटीत नीट बसला तरच सांधा धरतो. गळती लागली याचा अर्थ शंकू वाकडा बसलाय, ओरखडलाय, किंवा पाइपची लांबी-वळण जमत नाहीये. नट आवळल्याने यातलं काहीही दुरुस्त होत नाही. शंकू चेपतो आणि थोडा वेळ भोक बुजतं. करायचं ते असं: इंजिन बंद. पाइपचे दोन्ही नट सैल. पाइप आपणहून जिथे बसतो तिथे बसू द्यायचा. ओढून आणावा लागत असेल तर तो पाइप त्या इंजिनाचा नाही. शंकू नखाने तपासायचा. दोन्ही नट आधी हाताने फिरवायचे, मग खालच्या भागाला दुसरा पाना लावून धरायचं आणि वरचा माफक आवळायचा. क्लॅम्प घालायची, ती नसेल तर इंजिन चालवायचं नाही. दुसरा पाइप नसेल तर शेजारच्या बोटीला हाक मारून दोर घ्यायचा आणि घरी जायचं.

इंजिन बंद करायचं म्हणजे जाळं तळाला बसणार, ओढ वाया जाणार. "जरा बेताने," एवढंच मी म्हणालो होतो. तेही पहिल्या आवळण्यानंतर.

वहीत नोंद: "१.०५. गळती बंद."

पहाटे ३.५५ : उरली ५२ मिनिटं

केबिनच्या टपावर पडलो होतो. झोपेत आवाज बदलल्याचं कळलं. इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस घड्याळाच्या गजराने उठणार नाही, पण इंजिनाचा एक ठोका चुकला तर उठून बसतो. पाच ठोके भरलेले, सहावा पोकळ. तिसरा सिलिंडर मारत नव्हता.

नटाच्या मानेशी पाइपला चीर गेली होती. जे डिझेल नोझलमधून सिलिंडरमध्ये जायचं, ते बाहेर उडत होतं. पूर्वी थेंब जिभेवरून बाटलीत यायचा. आता जीभ नव्हती, बाटली नव्हती, आणि थेंबाचं धुकं झालं होतं.

भाऊ सुकाणूवर होता. त्याला वाटलं जाळ्यात चिखल भरला, बोट जड झाली. त्याने रेस वाढवली.

मी उठायला हवं होतं. मतलई सुरू झाली होती, गार वाटत होतं, मी चादर ओढली. किती वेळ पडून राहिलो हे वहीत नाही.

पहाटे ४.३१ : उरली १६ मिनिटं

जाळं ओढायला सुरुवात. विंच इंजिनावरच चालतो, त्यामुळे पुन्हा भार. धुराच्या पाइपच्या तोंडाशी ठिणग्या दिसल्या असं एक खलाशी नंतर म्हणाला. मी खाली उतरलो, इंजिनावरची फळी सरकवली आणि बॅटरी आत मारली.

लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिला असेल, तर प्रोजेक्टरपासून पडद्यापर्यंत जाणारा उजेडाचा झोत आठवेल. धूळ आणि विडीचा धूर त्यात तरंगताना दिसायचे. माझ्या बॅटरीचा झोत तसा दिसला. पांढरा, घट्ट. ड्रायव्हर शेजारी आला, वाकला, आणि गळती कुठे आहे ते चाचपायला त्याने उजवा हात पुढे केला. मी त्याला मानगुटीला धरून मागे खेचलं.

पहाटे ४.४४ : उरली ३ मिनिटं

"इंजिन बंद कर!" मी ओरडलो.

भावाने ऐकलं. त्याचा हात स्टॉपच्या तारेवर गेला आणि तिथेच थांबला. जाळ्याची पिशवी पाण्याबाहेर यायला चारपाच वाव उरले होते. इंजिन बंद झालं की विंच बंद, पिशवी परत तळाला, दोर पंख्यात जायची भीती. त्या जाळ्याचं कर्ज अजून फिटलं नव्हतं. "दोन मिनिटं, दादा!" तो ओरडला.

मी त्याला दोष देत नाही. संध्याकाळी साडेपाच वाजता माझ्याकडे अकरा तास होते. त्यातले दोन त्याने मागितले असते तरी चाललं असतं. त्याने मागितली ती शेवटची दोन मिनिटं.

फळी मी बंद केली होती का? नाही. उघडी ठेवूनच वर धावलो.

पहाटे ४.४७

स्फोट झाला नाही. ओला गालिचा गच्चीवर आपटल्यासारखा आवाज झाला. आधी धुराच्या पाइपची ती काळी दोरी पेटली, आणि मग खालची सगळी हवाच नारिंगी झाली. भुवया जळल्याचा वास आला, त्या माझ्याच होत्या.

भावाने स्टॉप ओढला. इंजिन थांबलं, पाइपमधलं धुकंही थांबलं. इथवर निभावलं असतं. पण ज्वाळेने एव्हाना तो पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप वितळवला होता, आणि टाकीतली पातळी अजून पंपाच्या वर होती. डिझेल आपल्या वजनाने आगीत वाहू लागलं. टाकीचा कॉक टाकीच्या बुडाशी, म्हणजे आगीच्या पलीकडे. बाहेरून बंद करता येईल अशी एक साधी दांडी त्याला जोडलेली असती तर पुढचं लिहावं लागलं नसतं.

आग विझवायचं सिलिंडर? होतं, भरलेलं होतं. इंजिनाशेजारच्या भिंतीवर, आत.

एका पोराने घाबरून समुद्राची बादली आत ओतली. पेटलेलं डिझेल पाण्यावर चढून केबिनच्या फळ्यांखाली पसरलं. ड्रायव्हर ओलं गोणपाट डोक्यावर घेऊन कॉककडे उतरला. त्याला दोघांनी पायांना धरून बाहेर काढलं. कॉकपर्यंत हात पोचला होता, पण पितळ तापलेलं.

मग फळी सरकवून वर ओली जाळी टाकली. तेच आधी करायला हवं होतं.

पहाटे ४.५८

वायरलेसच्या १६ नंबरवर भावाला एकदाच बोलता आलं. बॅटऱ्या खाली होत्या, वायर जळली. केबिनच्या दारावर खडूने तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ लिहिलेला होता, मोबाइलला रेंज नव्हती. सातजणांत लाइफ जॅकेटं चार. बाकीच्यांनी थर्माकोलच्या पेट्या आणि जाळ्याची बोयरी घेतली. वारा जमिनीकडून होता, म्हणून नाळेवरून वाऱ्याच्या बाजूला उड्या टाकल्या. नेपाळच्या दोन पोरांतल्या एकाला पोहता येत नव्हतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्याला बोयरीला बांधला.

पहाटे ५.२५

दोनेक मैलांवरची एक बोट आपलं जाळं तोडून आमच्याकडे आली. तोडून, हे मुद्दाम लिहितो. त्यांच्या तांडेलाने दोन मिनिटंही मागितली नव्हती. सातही जण सापडले.

सकाळी ६.३५

बोट पाण्याच्या रेषेपर्यंत जळली आणि मागच्या अंगाने खाली गेली. वर बराच वेळ डिझेलचा तवंग राहिला. त्यात मासळीच्या टोपल्या, एक चप्पल आणि चहाचं पातेलं तरंगत होतं.

ड्रायव्हर सव्वा महिना दवाखान्यात होता. उजवी मूठ त्याला अजून पूर्ण मिटता येत नाही. तो आता किनाऱ्यावर बर्फाच्या गाडीवर असतो, मला अजून साहेबच म्हणतो. भावाने कर्ज काढून दुसरी बोट घेतली. तिच्या इंजिनावर क्लॅम्प सहाच्या सहा आहेत, टाकीच्या कॉकची दांडी केबिनमध्ये आहे, सिलिंडर दाराबाहेर आहे. हे तपासायला मी तिथे दोनदा जाऊन आलो.

तिसऱ्या दिवशी बंदरावर पंचनामा झाला. बोट तळाला, इंजिन तळाला, दाखवायला काही नाही. आगीचं कारण काय, असं विचारलं गेलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "शॉर्टसर्किट असेल." सगळ्यांनी माना हलवल्या. त्या रकान्यात ‘शॉर्टसर्किट’ लिहिलं आहे. खाली पंच म्हणून दोन सह्या आहेत. त्यांतली दुसरी माझी.